सांबारात महाराजांना कशाला शोधता?

'सांबार' हे नाव छत्रपती संभाजी महाराजांवरून पडलं, असा मेसेज तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. गोष्ट भारी आहे. पण ती पुढे पाठवण्याआधी वडाळा, माटुंगा आणि लालबागमधून एक चक्कर मारून येऊ या.

सांबारला सांबार का म्हणतात? कॉलेजच्या कँटीनमध्ये हा प्रश्न जरा मोठ्याने विचारून बघा. इडलीचा घास तोंडात असलेला कुणीतरी लगेच सांगेल, "अरे, संभाजी महाराजांवरून! एवढं माहीत नाही?" आणि मग तो गोष्ट सांगेल. तंजावरला मराठ्यांचं राज्य होतं. तिथले राजे शहाजी म्हणजे महाराजांचे चुलत बंधू. एकदा महाराज तिथे पाहुणे म्हणून गेले. पंगतीसाठी आमटी करायची होती, पण महाराष्ट्रातून येणारं कोकम नेमकं संपलं होतं. दरबारातलं कुणीतरी म्हणालं, इथली चिंच घालून बघा. घातली. महाराजांना ती आमटी इतकी आवडली की तिचं नावच पडलं 'संभा-आहार'. त्याचं झालं सांबार. विषय संपला.

दुसऱ्या ग्रुपवर हीच गोष्ट थोडी वेगळी येते. तिथे महाराज पाहुणे नसतातच. मुख्य आचारी हजर नसतो, म्हणून महाराज स्वतः मुदपाकखान्यात शिरतात आणि डाळीत चिंच घालतात. म्हणजे एका गोष्टीत महाराज जेवणारे, दुसऱ्या गोष्टीत रांधणारे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत, पण दोन्हींच्या खाली ओळ तीच असते: अभिमान असेल तर पुढे पाठवा.

२०२५ च्या फेब्रुवारीत 'छावा' थिएटरला लागला, तेव्हा माझ्याकडे हा मेसेज एका आठवड्यात चार वेळा आला. घरच्यांच्या ग्रुपवर एकदा, कॉलेजच्या दोन ग्रुपवर आणि सोसायटीच्या ग्रुपवर, तेही पाण्याच्या टँकरच्या सूचनेखाली. मी एकदाही तो पुढे पाठवला नाही. अभिमान नाही म्हणून नव्हे. उलट, महाराजांबद्दल आदर असेल तर ही गोष्ट थांबवायला हवी, असं माझं मत आहे. का, ते सांगते.

आधी तारखा बघू

मास कम्युनिकेशनच्या वर्गात आम्हाला एक सवय लावतात. कुणी काही सांगितलं की आधी विचारायचं, 'केव्हा?' बऱ्याच गोष्टी तिथेच अडखळतात.

संभाजी महाराजांचा जन्म १४ मे १६५७ चा, पुरंदरावर. ११ मार्च १६८९ ला त्यांची हत्या झाली. तंजावरचे शहाजी राजे गादीवर आले १६८४ मध्ये आणि त्यांनी १७१२ पर्यंत राज्य केलं. म्हणजे दोघंही एकाच वेळी गादीवर होते ती वर्षं जेमतेम पाच. ही पाच वर्षं कोणती होती? औरंगजेब स्वतः दख्खनमध्ये येऊन ठाण मांडून बसला होता. एकीकडे मोगल, दुसरीकडे जंजिऱ्याचा सिद्दी, तिसरीकडे गोव्याचे पोर्तुगीज. महाराजांच्या काळात दक्षिणेकडे मोहिमा झाल्या, म्हैसूरच्या चिक्कदेवरायाशी संघर्ष झाला, हे इतिहासात आहे. पण मोहीम झाली म्हणजे पंगतही झाली, पंगत झाली म्हणजे कोकम संपलं आणि कोकम संपलं म्हणजे नवा शब्द जन्मला, या पायऱ्या आपण आपल्या मनाने चढतो.

आता उलट बाजूने बघू. महाराजांच्या आधी हा पदार्थ किंवा हा शब्द होता का?

खाद्यसंस्कृतीचे अभ्यासक के. टी. अचया यांनी कन्नडमधल्या एका ग्रंथाचा उल्लेख केला आहे. म्हैसूरच्या कंठीरव नरसराजावर गोविंद वैद्य या कवीने लिहिलेलं हे काव्य १६४८ चं. त्यात 'हुळी' येते. हुळी म्हणजे तूरडाळ आणि भाज्या एकत्र शिजवून केलेला आंबट पदार्थ. कन्नडमध्ये हुळी या शब्दाचा अर्थच आंबट. आजही कर्नाटकातल्या कितीतरी घरांत सांबारला हुळीच म्हणतात. म्हणजे महाराजांच्या जन्माच्या नऊ वर्षं आधी डाळ, भाजी आणि आंबट यांची मोट दक्षिणेत बांधून झाली होती.

शब्दाचं काय? अभ्यासक १५३० सालच्या एका तमिळ शिलालेखाचा दाखला देतात. देवाच्या नैवेद्याच्या यादीत भात आणि भाजी यांच्याबरोबर तिथे 'संबारम' येतं, ते मसाल्याच्या जिनसांसाठी. १५३० म्हणजे महाराजांच्या जन्माच्या सव्वाशे वर्षं आधी.

तंजावरच्या राजवाड्यात पाककृती लिहून ठेवण्याची पद्धत होती, हेही खरं. 'शरभेंद्र पाकशास्त्र' नावाचं मराठी पाककृतींचं हस्तलिखित तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने जपलं आहे. पण ते सरफोजी राजांच्या काळातलं, आणि ते गादीवर आले १७९८ ला. म्हणजे तेसुद्धा या कथित पंगतीनंतर शंभरेक वर्षांचं. 'तंजावरच्या कागदपत्रांत लिहिलंय' असं कुणी म्हणालं, तर कोणत्या सालचा कागद, एवढं जरूर विचारा.

चिंच काय तंजावरला सापडली?

तारखा कंटाळवाण्या वाटत असतील तर स्वयंपाकघरात चला. ही गोष्ट एका गृहीतकावर उभी आहे: मराठी माणूस आमटीत फक्त कोकम घालायचा आणि चिंच त्याला तंजावरला जाऊन कळली. हे वाक्य घाटावरच्या कुठल्याही आजीसमोर म्हणून बघा. ती तुम्हाला वेड्यात काढेल. कोकम हे कोकणचं. सह्याद्री ओलांडला की आमटीतलं आंबट म्हणजे चिंच, तिच्या जोडीला गूळ. दख्खनच्या गावागावांत, पारापाशी, शाळेच्या मैदानात चिंचेची झाडं उभी आहेत. पुरंदरावर जन्मलेल्या आणि रायगडावर राज्य केलेल्या राजाला चिंचेची आमटी ही नवलाची गोष्ट वाटली असेल, हे पटत नाही.

आणि आज आपण जे सांबार ओरपतो ते तसंही त्या पंगतीतलं असणं कठीण आहे. त्यातली लाल मिरची आणि टोमॅटो दोन्ही मूळचे अमेरिका खंडातले, पोर्तुगीजांच्या जहाजांनी आपला समुद्र गाठल्यावर इकडे आलेले. मिरची त्या मानाने लवकर रुळली. टोमॅटो आपल्या रोजच्या स्वयंपाकात फार उशिरा शिरला. प्रत्येक पदार्थ असाच हळूहळू, अनेक हातांनी बनतो. एका दुपारी, एका दरबारात, एका माणसाच्या सूचनेवरून बनत नाही. पण 'हळूहळू बनला' असा मेसेज कोण पुढे पाठवेल?

म्हणून पदार्थांच्या गोष्टींचा एक साचा ठरलेला असतो. एक राजा, एक पाहुणा, संपलेला जिन्नस आणि घाबरलेला आचारी. नाहीतर मग शब्दाची ओढाताण. 'पाव'चंच बघा. पायाने पीठ तुडवतात म्हणून पाव, असं आपल्याला लहानपणी कुणीतरी घाबरवून सांगितलेलं असतं. दुसरा कुणी सांगतो, एका लादीचा पाव भाग म्हणून पाव. प्रत्यक्षात पोर्तुगीज भाषेत ब्रेडला 'पाँव'च्या जवळपासचा शब्द आहे आणि तो त्यांच्याबरोबर इथे आला. इतकं साधं उत्तर असतं. पण साध्या उत्तराला नाट्य नसतं.

बिडीवर नाव नको, डाळीवर चालेल?

आता मराठीत पदार्थांना नावं कशी पडतात, ते बघा. आंबट ती आमटी. भाजून कुस्करलेलं ते भरीत. पुरण भरलेली ती पुरणपोळी. आपली नावं जिनसांवरून पडतात किंवा कृतीवरून. राजाचं नाव पदार्थाला देण्याची आपली रीत नाही. शिवाजी महाराजांच्या नावाची एखादी भाजी ऐकली आहे? शाहू महाराजांच्या नावाची कोशिंबीर?

त्यातही सतराव्या शतकातला आचारी स्वयंपाकघरात उभा राहून छत्रपतींचा उल्लेख 'संभा' असा करेल? पातेल्याला त्यांचं नाव देईल? आजच्या काळात आपण काय करतो ते आठवा. विड्यांच्या एका ब्रँडवर महाराजांचं नाव होतं. त्यावरून आंदोलनं झाली, २०२० मध्ये प्रकरण तापलं आणि शेवटी कंपनीने नाव बदललं. महाराजांचं नाव बिडीच्या बंडलावर नको, ही भावना मला समजते. पण मग तेच नाव रोज सकाळी स्टीलच्या वाटीत, मेदूवड्याखाली असल्याचा अभिमान कसा वाटतो? दोन्हींपैकी एक काहीतरी ठरवू या ना.

वडाळ्यातून एक चक्कर

मग सांबार आलं कुठून? याचं उत्तर शोधायला तंजावरला जायची गरज नाही. मी वडाळ्यात राहते आणि माझ्या घरापासून पायी, नाहीतर बेस्टच्या एका तिकिटात, हा शब्द निदान पाच वेगवेगळ्या रूपांत भेटतो.

पहिला थांबा अर्थातच माटुंगा. किंग्ज सर्कलच्या आजूबाजूची उडुपी हॉटेलं आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. रामा नायक यांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासूनचं. इथलं सांबार जरा गोडसर, गुळाकडे झुकणारं, ते उडुपीकडचं वळण. गंमत बघा, मुंबईला सांबारची चटक लावली ती बरीचशी उडुपी-मंगळूरकडच्या माणसांनी. त्यांच्या घरच्या भाषेत मात्र याच पदार्थाची नातेवाईक मंडळी हुळी आणि कोद्देल या नावांनी नांदतात. म्हणजे मुंबईचं सांबार तंजावरच्या दरबारातून नाही, उडुपीच्या माणसांच्या घामातून आलं.

तिथून फाइव्ह गार्डन्सकडे वळा. दादर पारसी कॉलनीतल्या स्वयंपाकघरात एक तिखट, तेलकट, लालभडक मसाला बरणीत असतो. त्याचं नाव सांभार मसाला. नवसारी-सुरतेकडच्या पारशांची ही खासियत. यात डाळ नाही, इडली नाही. चिमूटभर घातला की मसूरडाळीपासून भाज्यांपर्यंत कशालाही चव येते.

आता शेजारच्या गुजराती बिल्डिंगमध्ये जा. फाफड्याबरोबर कोबी-गाजर किंवा कच्च्या पपईची मोहरी-मिरचीत परतलेली कोशिंबीर येते, तिचं नाव संभारो. लोणच्याच्या कोरड्या मसाल्यालाही गुजरातीत संभार म्हणतात.

मग लालबाग-परळ. चाळीत कुणाकडे तरी वडे झाले आहेत आणि सोबत आहे काळ्या वाटाण्याचं सांबार. मालवणी माणसाला सांबार म्हणजे हेच. भाजलेलं खोबरं, गरम मसाला, काळे वाटाणे. तूरडाळीचा पत्ता नाही. या सांबारला 'साउथ इंडियन' म्हणून बघा, तुम्हाला वडे मिळणार नाहीत.

शेवटचा थांबा व्हीजेटीआयचं हॉस्टेल. तिथे नागपूर-अमरावतीकडचा कुणी असेलच. त्याला म्हणा, भाजीवाल्याकडून सांबार घेऊन ये. तो कोथिंबिरीची जुडी घेऊन येईल. विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर. म्हणूनच तिकडची सांबारवडी कोथिंबिरीने गच्च भरलेली असते. आणि हॉस्टेलमध्ये कुणी मल्याळी भेटला, तर त्याच्यासाठी संभारम म्हणजे आलं, मिरची, कढीपत्ता घातलेलं मसाला ताक.

आता सांगा. एका राजाच्या आवडीवरून आमटीला नाव पडलं असेल, तर तेच नाव केरळच्या ताकाला, नवसारीच्या मसाल्याला, गुजरातच्या कोशिंबिरीला, मालवणच्या वाटाण्यांना आणि नागपूरच्या कोथिंबिरीला कसं पडलं? या सगळ्यांत चिंचही नाही, डाळही नाही, तंजावरही नाही. या सगळ्यांत एकच गोष्ट समान आहे: मसाला. चवीसाठी एकत्र केलेले जिन्नस.

आणि हा अर्थ त्या शब्दातच आहे. संस्कृत 'संभार' म्हणजे एकत्र आणलेलं, जमवलेलं साहित्य. यज्ञासाठी, पूजेसाठी गोळा केलेली सामग्री म्हणजे संभार. मराठीच्या पेपरात आपण सगळ्यांनी लिहिलेला 'केशसंभार' आठवतो? तोच हा संभार. स्वयंपाकघरात जमवलेल्या जिनसांना, वाटलेल्या मसाल्याला संभार म्हणायला लागले. पुढे तो मसाला ज्यात पडला त्या पदार्थालाही तेच नाव चिकटलं. प्रत्येक प्रांताने आपापल्या जिभेप्रमाणे ते वळवून घेतलं. मला तरी हीच व्युत्पत्ती सगळ्यात पटते, कारण ती एकाच वेळी या सगळ्या वाट्यांना लागू पडते.

मग मराठीचा काहीच वाटा नाही?

असं मी म्हणत नाही. उलट इथेच खरी मजा आहे. तंजावरला मराठ्यांचं राज्य १८५५ पर्यंत, म्हणजे जवळपास पावणेदोनशे वर्षं टिकलं. ज्या शहाजी राजांना आपण फक्त कोकम संपलेला यजमान म्हणून ओळखतो, ते स्वतः लेखक होते. त्यांनी मराठीत नाटकं लिहिली, तेलुगूतही रचना केल्या. तमिळ मुलखात बसून मराठी राजा तेलुगूत लिहितो, ही गोष्ट कुठल्याही फॉरवर्डपेक्षा भन्नाट नाही का? तंजावरी मराठी बोलणारी कुटुंबं आजही तमिळनाडूत आहेत. इतकी वर्षं दोन भाषा एका गावात नांदल्या, तर शब्दांची देवाणघेवाण होणारच. तमिळमधला 'सांबार' हा शब्द मराठीतून गेला असावा, असं मानणारे अभ्यासकही आहेत.

म्हणजे मराठीचा वाटा असू शकतो. पण तो वाटा आहे साध्या माणसांच्या भाषेचा. बाजारात जिन्नस मागणाऱ्या, मसाला कुटणाऱ्या, शेजारणीला वाटीभर आमटी देणाऱ्या बायकांचा. मेसेजमध्ये या बायका कुठेच नाहीत. तिथे आहे फक्त राजा आणि दरबार. आपला इतिहास असा का झालाय, की रोजच्या जेवणालाही राजाची सही लागते?

'सोड ना, मजेशीर गोष्ट आहे'

हे मला बऱ्याच जणांनी ऐकवलं. गोष्टच आहे, कुणाचं काय जातं? मला वाटतं, दोघांचं जातं.

पहिलं, शेजाऱ्याचं. वडाळ्यात आमच्याकडे साउथ इंडियन्स वेल्फेअर सोसायटीची शाळा आणि कॉलेज आहे, आपण सगळे त्याला एसआयडब्ल्यूएस म्हणतो. पिढ्यान् पिढ्या इथे मराठी, तमिळ, कन्नड, मल्याळी मुलं एका बाकावर बसलीत. याच भागाने साठच्या दशकाचा शेवटही पाहिलाय. १९६६ नंतर 'हटाव लुंगी, बजाव पुंगी'ची घोषणा या रस्त्यांवर दिली गेली आणि दक्षिणेकडच्या लोकांच्या हॉटेलांवर दगड पडले. ज्यांना कालपर्यंत परके म्हटलं, त्यांच्या थाळीतला पदार्थ आज 'मुळात आमचाच' म्हणून सांगायचा, हे मला बरोबर वाटत नाही. माझी एक तमिळ मैत्रीण हा मेसेज वाचून हसली आणि म्हणाली, "निदान सांबार तरी आमच्याकडे राहू द्या." तिने गंमतच केली होती. पण त्यानंतर दोघींपैकी कुणीच काही क्षण बोललं नाही.

दुसरं नुकसान मोठं आहे आणि ते खुद्द महाराजांचं. संभाजी महाराजांवर सगळ्यात जास्त अन्याय कशाने केला असेल, तर ऐकीव गोष्टींनी. मल्हार रामराव चिटणिसांची बखर लिहिली गेली ती महाराजांच्या मृत्यूनंतर शंभराहून जास्त वर्षांनी. लिहिणाऱ्याच्या पूर्वजाला, बाळाजी आवजींना, महाराजांच्या कारकिर्दीत मृत्युदंड झाला होता. त्या बखरीतलं रंगवलेलं चित्र पुढे कादंबऱ्यांत आणि नाटकांत गेलं आणि एक पराक्रमी राजा कित्येक पिढ्या व्यसनी, उथळ म्हणून ओळखला गेला. कुणी विचारलं नाही, कागद कुठे आहे? कोणत्या सालचा आहे? लिहिणाऱ्याचा हेतू काय?

हे प्रश्न अखेर विचारले ते वा. सी. बेंद्रे यांनी. वर्षानुवर्षं कागदपत्रं धुंडाळून त्यांनी १९६० मध्ये महाराजांचं चरित्र प्रसिद्ध केलं. १९७१ मध्ये डॉ. कमल गोखले यांचं 'शिवपुत्र संभाजी' आलं. आज आपल्याला महाराजांची जी प्रतिमा माहीत आहे, ती या अभ्यासकांच्या कष्टावर उभी आहे. ऐकीव गोष्टींच्या ढिगाऱ्याखालून त्यांनी महाराजांना पुराव्यांच्या जोरावर बाहेर काढलं.

आणि आपण काय करतोय? त्याच महाराजांना पुन्हा ऐकीव गोष्टीत ढकलतोय. यावेळची गोष्ट कौतुकाची आहे, एवढाच फरक. पण पुरावा न मागता कौतुक स्वीकारायची सवय लागली, की उद्या पुरावा न मागता बदनामीही स्वीकारली जाते. आपण खोटं कौतुक पसरवताना पकडले गेलो, तर खऱ्या पराक्रमाबद्दल बोलताना समोरचा हसेल. "हे पण सांबारसारखंच का?" असं विचारेल. त्याला काय उत्तर देणार?

महाराजांचा अभिमान बाळगायला खऱ्या गोष्टी कमी आहेत का? नऊ वर्षांची कारकीर्द, चारही बाजूंनी शत्रू आणि तरी शेवटपर्यंत न वाकलेला माणूस. तो संस्कृतचा जाणकार होता, 'बुधभूषण' हा संस्कृत ग्रंथ त्याच्या नावावर आहे. मला वाटतं, 'संभार' या शब्दाचा अर्थ महाराजांना आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त चांगला माहीत असणार. आपल्या नावाची केलेली ही फोड वाचून ते नक्कीच हसले असते.

फॉरवर्डचं बटण दाबण्याआधी

नावांच्या गोष्टी येतच राहणार. आज सांबार आहे, उद्या जिलेबी असेल. सरसकट सगळ्यांना खोटं म्हणायचीही गरज नाही, काही खऱ्याही निघतात. मी स्वतःपुरते चार प्रश्न ठरवलेत, तुम्हीही वापरून बघा.

एक, गोष्टीत साल आहे का? 'एकदा काय झालं' असं असेल, तर ती गोष्टच आहे, इतिहास नाही.

दोन, त्या सालाच्या आधी हा शब्द कुठे सापडतो का? सापडला, तर गोष्ट तिथेच संपली.

तीन, शेजारच्या भाषेत हाच शब्द आहे का, आणि त्याचा अर्थ काय? हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. त्यासाठी लायब्ररीही लागत नाही, मित्र लागतात. वेगळी भाषा बोलणारे मित्र.

चार, ही गोष्ट ऐकून कुणाची छाती फुगते आणि कुणाचं नाव गळतं? गोष्ट जितकी आपल्या सोयीची, तितकी ती जास्त तपासायची.

पुढच्या वेळी तो मेसेज आला की भांडू नका. वडीलधाऱ्यांच्या ग्रुपवर असेल तर अजिबात नको. फक्त खाली साधेपणाने लिहा: "काका, मग विदर्भात कोथिंबिरीला सांबार का म्हणतात?" बघा काय होतं ते. कुणीतरी नागपूरची आत्या सांबारवडीची रेसिपी टाकेल. कुणीतरी मालवणची मावशी म्हणेल, आमच्याकडचं सांबार वेगळंच असतं. अर्ध्या तासात ग्रुपवर चार प्रांतांची चार सांबारं उकळायला लागतील, आणि त्यातल्या प्रत्येकामागे खरी माणसं असतील.